बायकांच्या खोलीतला कॅमेरा

रत्नागिरी
१२ नोव्हेंबर २००६

मन्सूरभाय, सलाम.

चिठ्ठी बहारीनला परत निघालेल्या सलीमचाचांच्या हाती पाठवतेय. सोबत अम्मीचे सुके बांगडे आहेत. विमानतळावर वास सुटला तर ते चाचांचे, आपले नव्हेत, एवढं लक्षात ठेव.

फोनवरच बोलले असते, पण तुझा फोन आला की अम्मी रिसीव्हर सोडत नाही आणि ‘जेवलास काय’ याच्यापुढं गाडी जात नाही. मला निवांत बोलायचंय. मला कॅमेरा बदलायचाय.

थांब, ओरडू नकोस. तू पाठवलेला वाईट नाही. अंगणात, उन्हात झकास चालतो. पण माझं काम अंगणात असतं का? बाहेर मांडवात पुरुषांचे फोटो काढायला शहरातले स्टुडिओवाले येतात. मी असते आत, बायकांच्या खोलीत. मेंदी, हळद, नवरीचे केस विंचरणं, करवल्यांची मस्करी. दार बंद, खिडक्यांवर चादरी, एक ट्यूबलाइट, आणि भारनियमनात तीही जाते. पोफळीला एवढी वीज बनते म्हणे, आपल्याच जिल्ह्यात. आमच्या खोलीत यायची तिला लाज वाटते. फ्लॅश मारला तर सगळ्या बायका पिठाच्या डब्यातून काढल्यासारख्या पांढऱ्या. नाही मारला तर फोटोभर रवा सांडल्यासारखे दाणे. आणि लेन्स नुसती मागेपुढे घरघरत बसते, तोवर नवरीचं हसणं संपलेलं असतं.

तू विचारलं होतंस, बायका मला फोटो काढू कशा देतात? पूर्वी देतच नव्हत्या. रीळ धुवायला टाकायचं म्हणजे स्टुडिओतला परका माणूस बघणार. तू डिजिटल पाठवलास आणि ती अडचण सुटली. मी घरच्या प्रिंटरवर छापते, आल्बम लावते, नवरीच्या घरी नेते. सगळ्या जमतात, बघतात, एकमेकींना नावं ठेवतात. मग मी कॅमेरा नवरीच्या हातात देते आणि ती स्वतःच्या बोटानं बटण दाबून कार्ड पुसते. पडदा रिकामा झाला की म्हाताऱ्यासुद्धा वाकून बघतात, आणि मगच चहा येतो. आता तो रिवाजच झालाय. ‘झरीनकडं काय राहत नाय,’ असं सगळा मोहल्ला म्हणतो.

नवऱ्यानं सोडलेली बाई लग्नघरात कुठं बसते ते तुला ठाऊक आहे. मागं, भांड्यांजवळ. आज मला नवरीच्या शेजारी बसवतात. म्हणून विचारतेय, उगाच हौस म्हणून नाही. वरचं मॉडेल घेऊ की नको ते कळव.

झरीन


मनामा, बहारीन
२० डिसेंबर २००६

झरीन,

बांगडे पोचले. चाचा सांगत होते, विमानात शेजारचा माणूस उठून दुसरीकडं जाऊन बसला. आमच्या खोलीत मात्र सगळे एका दिवसात फस्त झाले.

तू गिऱ्हाईक असतीस तर दुकानातला सगळ्यात महागडा कॅमेरा तुझ्या गळ्यात मारला असता, माझं कामच ते. बहीण आहेस म्हणून खरं सांगतो, आता घेऊ नकोस. पुढच्या वर्षी नवं मॉडेल येतंय. अंधारात तुझा हा रवा दिसणारसुद्धा नाही. तेव्हा जुना बदल्यात देऊ. तोवर खिडकीवरची एक चादर काढा की, काय आकाश कोसळतंय?

आणि ते बटणाचं वाचून मला हसू आलं. अगो, बटण दाबलं म्हणून फोटो जात नाहीत! दारावरची पाटी काढली म्हणून घर रिकामं होतं का? तसंच ते. कॅमेऱ्याला दिसत नाहीत, पण आत असतात. आमच्याकडं कुणी ना कुणी रडत येतंच, चुकून पुसले म्हणून. आम्ही कार्ड कॉम्प्युटरला लावतो, एक प्रोग्राम चालवतो की सगळे परत हजर. त्याच कार्डावर नवे फोटो भरले तरच जुने खरे जातात. पण तुझ्या बायकांना हे कुठं माहीत! चालू दे तुझी जादू.

इथं थंडी आहे. अम्मीला सांग, स्वेटर घातला.

मन्सूर


रत्नागिरी
२८ जानेवारी २००७

भाय,

हसू आलं तुला? हे मला कॅमेरा पाठवतानाच का नाही सांगितलंस? दुकानात उभा राहून जगाला शहाणं करतोस आणि बहिणीला एवढं सांगता आलं नाही?

पलीकडच्या मरियमखालाची तहसीन आठवते ना? मे महिन्यात लग्न होऊन खेडला गेली. आल्बम नेला तेव्हा हाताला पुन्हा ओली मेंदी लावली होती म्हणून तिनं करंगळीनं बटण दाबलं. ‘झरीनआपा, गेले ना सगळे?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘गेले.’ आणि ते तिथंच होते.

आता मी प्रत्येक लग्नानंतर आपल्या मागच्या भिंतीचे फोटो काढत बसते, कार्ड भरेपर्यंत. अम्मी विचारते, भिंतीला काय सोनं लागलंय? काय सांगू तिला? तहसीनच्या मेंदीचं जुनं कार्ड मात्र भरता येत नाही. त्याच्या बाजूचा खटका तेव्हाच मोडला, कॅमेरा त्यावर काही लिहू देत नाही. फोडून टाकणार होते. वरवंटा हातात घेतला आणि हात उचलला नाही. वाटलं, आत सगळ्या बसल्यात. बिस्किटांच्या डब्यात ठेवलंय, कपाटाच्या वर.

कुणाला सांगितलेलं नाही. सांगावं तर काम गेलं, न सांगावं तर घास उतरत नाही. नव्या कॅमेऱ्याचं नाव काढू नकोस.

झरीन


रत्नागिरी
१९ ऑगस्ट २००७

भाय,

तुझी मधली दोन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, राग होता. आज राग बाजूला ठेवून लिहितेय.

तहसीन गेली. बाळंतपणात, मूलही गेलं. पाऊस एवढा होता की मरियमखाला खेडला पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. पोरीचं तोंड बघायला मिळालं नाही. वर जगबुडी नदीचं पाणी खेडच्या बाजारात शिरलं ते तिच्या सासरच्या घरातही शिरलं. आल्बम खालच्या फडताळात होता, पानं एकमेकांना चिकटून त्याचा लगदा झाला. सासरचे बिचारे स्वतः घेऊन आले तो लगदा, फडक्यात बांधून.

खालाकडं तिचा शाळेतला एक फोटो आहे, चौथीतला, दोन वेण्यांचा. बाकी काही नाही. रोज येते आणि आपल्या पडवीत बसते. काल म्हणाली, ‘तुझ्याकडं काय राहत नाय, म्हाइत हाय मला. तरी एकदा बघ गो. कुठं कोपऱ्यात एखादा राहिला आसंल.’ मी आत जाऊन डब्यासमोर उभी राहिले. तिला ‘नाही’ म्हणायला बाहेर आले आणि तोंडातून ‘बघते’ निघालं.

कार्ड पाठवतेय. चाचांना सांगितलंय, कॅमेऱ्याचं सामान आहे. तहसीनचा एक फोटो काढून दे, हसतेय असा. एकच. त्या कार्डावर तिच्याआधी झालेल्या दुसऱ्यांच्या लग्नांतलेही असतील, ते वर आले तरी नजर खाली घाल. भाय, मी तुला अम्मीची शपथ घालते. दुसऱ्या कुणाच्या हातात कार्ड देऊ नकोस आणि काम झालं की ते राहता कामा नये.

कॅमेराही सोबत देतेय. तू म्हणतोस ते नवं मॉडेल आलं असेल तर बदलून दे. आता जुन्यावर माझं मन बसत नाही. नव्यानं सगळं नीट करीन, पहिल्यापासून.

झरीन


मनामा
२५ सप्टेंबर २००७

झरीन,

काम झालं. जुम्म्याच्या सुट्टीत दुकानाची चावी मागून घेतली, एकटाच होतो. तहसीनचा फोटो पाकिटात आहे. दुकानातल्या नमुन्याच्या प्रिंटरवर काढला, एकच, तू म्हणालीस तसा. हसणारा. नंतर कॉम्प्युटरवरचंही सगळं साफ केलं, माझ्या साफ करण्यातलं साफ, तुझ्या बटणातलं नव्हे. कार्डाचे पक्कडीनं तुकडे केले आणि समुद्रात टाकले. आता बहारीनचे मासे बघतील तेवढंच.

बाकी काही बघितलं नाही.

कॅमेरा चाचांच्या हाती येतोय. खोका उघडताना हळू. जुना मालकानं बदल्यात घेतला, कुरकुर केली पण घेतला. हा अंधारात चालतो, फ्लॅश बंदच ठेव. तू मागितलास तेव्हा थांब म्हणालो, ते बरंच झालं की नाही बघ.

आणखी एक. अम्मी माझ्या लग्नाचं टुमणं लावून असते. तिला सांग, मी तयार आहे. मशिदीमागच्या गल्लीत नाखव्यांची अलिझा आहे ना, तिचं कुठं ठरलं नसेल तर विचारायला हरकत नाही. घाई नाही. पण विचारा.

मन्सूर


रत्नागिरी
२० ऑक्टोबर २००७

भाय,

ईद मुबारक! किती दिवसांनी एवढी हसून लिहितेय.

फोटो मी मरियमखालाला आतल्या खोलीत नेऊन दिला. तिनं आधी ओढणीला हात पुसले. मग बघितलं आणि मटकन खालीच बसली. रडली नाही. म्हणाली, ‘दात दिसतायत. हसली की ती हात धरायची तोंडावर, हितं इसरली.’ कुठून आला ते विचारलं नाही. कुणाला दाखवणार नाही म्हणाली. केस मोकळे आहेत ना त्यात. झग्याच्या आत ठेवते, दिवसातून कितीदा काढते आणि गालाला लावते. भाय, तू शिव्या खाल्ल्यास माझ्या, पण हे काम तू मोठं केलंस.

आणि कॅमेरा! चादरी लावून, दार लावून, दिवा विझवून आपल्या मांजरीचा फोटो काढला. मिशा मोजता येतात रे! दाणे नाहीत, घरघर नाही. डिसेंबरात तीन लग्नं आहेत, तिन्ही घरची बोलावणी आलीत. तेव्हा कळेल झरीन काय चीज आहे.

अम्मी तर तुझ्या निरोपानं हवेतच आहे. चांगला दिवस बघून अलिझाकडं जाणार. पण काय रे, तू गेलास तेव्हा अलिझा दप्तर घेऊन शाळेत जायची. तुला ती कुठून आठवली?

झरीन


मनामा
१५ नोव्हेंबर २००७

झरीन,

कुठून म्हणजे काय? अम्मीच फोनवर मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरींची नावं घेत असते, त्यात ऐकलं असेल. तू पोलिसात का नाही भरती झालीस?

अम्मीशी काल बोललो. तिनं खोदून खोदून विचारलं, तुला मुलगी कशी हवी, हीच का. आईच ती, काहीबाही सांगितलं. जाऊन आलात की कळव. कॅमेऱ्याची बॅटरी रात्रभर लावून ठेवू नकोस, फुगते.

मन्सूर


रत्नागिरी
१६ डिसेंबर २००७

मन्सूर,

काय सांगितलंस तू अम्मीला?

आम्ही रविवारी गेलो. मिठाई नेली. सगळ्यांनी हसून बसवलं. अम्मी बिचारी साधी, मुलाचं कौतुक करता करता म्हणाली, ‘माझा मन्सूर कधी कुणाचं नाव घेत नाय. पण ह्या पोरीचे केस त्याच्या मनात भरले. गुडघ्यापर्यंत पोचतात म्हणाला, आणि मानेवर मागं तीळ हाय तो कसा शोभतो.’

अलिझाची आई सरबताचं तबक घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं. म्हणाली, ‘माझ्या पोरीची मान त्यानं कुठं बघितली?’

अम्मीला काही कळेना. ती माझ्याकडं बघायला लागली, मग सगळ्याच बघायला लागल्या. अलिझा आतून आली, ओढणी घट्ट धरून. ती एवढंच म्हणाली, ‘थोरल्या बाजीच्या मेंदीचा आल्बम आणलात तेव्हा आपा, ती हळदीच्या पाटावर होती म्हणून तुम्ही कॅमेरा माझ्या हातात दिला होता. मी स्वतः बटण दाबलं होतं.’

संध्याकाळी बायका आपल्या पडवीत जमल्या. कुणी ओरडलं नाही, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मरियमखाला मला वाचवायला पुढं झाली. ‘तिनं माझ्यासाठी केलान, पोरीच्या एका फोटूसाठी,’ म्हणाली आणि जिवावर येऊन झग्यातून फोटो काढून दाखवला. झालं. आतापर्यंत नुसती शंका होती. प्रत्येक जण विचारायला लागली, मग माझे? माझ्या सुनेचे? मी भिंतीच्या फोटोंचं सांगितलं. कोण विश्वास ठेवणार? म्हणाल्या, जेवढी कार्डं आहेत तेवढी आण. पाट्यावर ठेवली आणि वरवंटा आळीपाळीनं सगळ्यांच्या हातात गेला. अम्मीनंही घेतला.

तिन्ही लग्नांची बोलावणी परत गेली. अम्मी माझ्याशी बोलत नाही आणि तुझा फोन घेत नाही, ते तुला कळलंच असेल. खरं सांग. किती बघितलेस?

झरीन


मनामा
१० जानेवारी २००८

झरीन,

सगळे.

शपथ घातली होतीस हे मला ठाऊक आहे. पहिल्यांदा खरंच नजर खाली घातली होती. पण तहसीन शोधायची तर बघावं लागतं ना? आणि एकदा बघितल्यावर मला थांबता आलं नाही. आम्ही एका खोलीत नऊ पुरुष राहतो. इथं आल्यापासून मी घरातली बाई हसताना पाहिलेली नाही. त्या फोटोत आपल्या शेजारच्या बायका होत्या, आपल्या घरातले पाट, आपली चहाची कपबशी, एका कोपऱ्यात अम्मी तोंडात पदर घालून हसत होती. मी तिथंच टेबलावर डोकं ठेवून रडलो. मग अलिझा दिसली. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. वाईट असतं तर मागणी कशाला घातली असती?

हे लिहिताना कळतंय की त्यानं काही फरक पडत नाही.

एकही फोटो माझ्याकडं नाही, अल्लाची शपथ. पण माझ्या शपथेला आता किंमत काय! तू शहरात स्टुडिओ काढ. गणपतीपुळ्याला पर्यटकांचे फोटो काढ. कॅमेरा चांगला आहे, वाया घालवू नकोस. अम्मीला फोन घ्यायला सांग.

मन्सूर


रत्नागिरी
१३ जुलै २००८

मन्सूरभाय,

अम्मी आता फोन घेते, त्याबद्दल तू लिहिलंस, बरं वाटलं. मी समुद्रावर जाऊन परक्यांचे फोटो काढणार नाही. मला ते काम येत नाही. मला बंद दाराआडचं येत होतं.

मेमध्ये शेजारच्या घरी लग्न झालं. बोलावणं होतं, गेले. कुणी वाकडं बोललं नाही, ताट भरून वाढलं. मी भांड्यांजवळ बसले. मेंदीचं गाणं सुरू झालं तेव्हा आतून एकीनं दार लोटून घेतलं. अलिझाला गुहागरकडं दिलंय. तिच्या मेंदीला कुणी फोटो काढले नाहीत. आता कुणाच्याच मेंदीला काढत नाहीत. चार वर्षांनी पोरींना दाखवायला काही नसेल, आणि मागायलाही कुणी येणार नाही.

काल मरियमखाला आली. फोटो फडक्यात गुंडाळून आणला होता. या पावसाची ओल, तिचा घाम, गालाला लावायची ती. दुकानातल्या त्या प्रिंटरची शाई सुटलीय. तहसीनचं कपाळ जांभळं झालंय, एक डोळा गेलाय. दात अजून दिसतात. ‘दुसरा काढून दे गो,’ म्हणाली. मी सांगितलं, खाला, कार्ड मन्सूरनं समुद्रात टाकलं, मीच टाकायला सांगितलं होतं.

मग मला सुचलं. नवा कॅमेरा आहे ना! खोका काढला. म्हटलं, या फोटोचाच फोटो काढते, आज आहे तेवढा तरी राहील, जपून ठेवीन. फोटो पाटावर ठेवला, खिडकीची चादर काढली, कॅमेरा डोळ्याला लावला. खरं सांगते, डिसेंबरनंतर पहिल्यांदा मला मी असल्यासारखं वाटलं.

खालानं फोटोवर हात ठेवला. पंजा पसरून, चेहरा झाकून.

‘नको गो,’ म्हणाली. ‘तू चांगली हायस. पण ह्याच्यात गेली की ती कुणाकुणाला दिसंल, तुला तरी कुठं म्हाइत? तुला तेव्हा तरी कुठं म्हाइत होतं? माझी पोर पडद्यात र्‍हायली, पडद्यातच जाऊ दे.’ मी म्हटलं, खाला, हे वर्षभरात पूर्ण पुसून जाईल. म्हणाली, ‘जाऊ दे. पुसली तर पुसली.’ पुन्हा फडक्यात गुंडाळून झग्यात ठेवला आणि डोक्यावर घोंगडं घेऊन पावसात गेली. मी तिला थांबवलं नाही. कोणत्या तोंडानं थांबवणार?

कॅमेरा चाचांच्या हाती परत पाठवतेय. खोका, पट्टा, कागद सगळं आहे. त्यात आपल्या मांजरीचे फोटो आहेत तेवढेच, ते कुणी बघितले तरी चालतील. तुझा मालक कुरकुर करील, पण घेईल, नवाच आहे. अंधारात फार छान दिसतं त्यातून. गिऱ्हाइकाला विकताना तेवढं सांग.

झरीन